शिल्लक पुढे

जानेवारीत ग्वाल्हेर दिसतच नाही.
सकाळी सात वाजता गॅलरीत उभं राहावं
तर किल्ला नाही, समोरचं भदौरियांचं घरही नाही,
फक्त धुक्यात कुणाचा तरी खोकला
आणि दुधाच्या कॅनचं झाकण.
असल्या महिन्यात लोक संकल्प करतात.

मीही केले. एल.आय.सी.च्या डायरीत, पहिल्या पानावर,
पंधरा-सोळा वर्षं, त्याच अक्षरात:
साखर बंद. रोज चार किलोमीटर. आठ किलो कमी.
चौदा तारखेला मुरैन्याची गजक घरात येते.
पुढची पानं कोरी.
एका वर्षी तिथे धोब्याचा हिशेब आहे,
तो मात्र डिसेंबरपर्यंत चोख.

नोकरी ए.जी. ऑफिसात. दुसऱ्यांची वर्षं तपासायची.
आमचं वर्ष मार्चात मिटतं. आईचं पाडव्याला लागायचं,
दाल बाजारातल्या शेठजींचं दिवाळीत.
कुठलंच वर्ष, खरं सांगायचं तर, संपत नाही:
शेवटच्या ओळीतला आकडा
नव्या पानाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसतो,
तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी.

मग अण्णा पडले.
म्हणजे पडलेही नाहीत, न्हाणीघरात घसरून बसले.
हाड मोडलं नाही, खरचटलंसुद्धा नाही.
फक्त उठता येईना.
एक तास दहा मिनिटं ओल्या फरशीवर,
मी बँकेतून येईपर्यंत,
नळ बंद करून. पाणी वाया जायला नको म्हणून.
"काही नाही गं," म्हणाले, "नुसता बसलो होतो."
वय एकाहत्तर.

त्या रात्री डायरी काढली नाही.
चटई काढली.
खाली बसले, आणि हात न टेकता उठायला गेले.
एकेचाळिसाव्या वर्षी.
कपाटाचं हँडल तुटून हातात आलं.

त्याला सतरा वर्षं झाली.
रोज नाही. हे नोंदवते, कारण ऑडिटची सवय.
अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात चटई दोन वर्षं गुंडाळलेली होती,
उलगडली तेव्हा तिच्यात झुरळं
आणि माझ्या गुडघ्यात वाळू.
पूर्वी म्हटलं असतं, मोडलं,
आता एक तारखेपासून.
त्या दिवशी मंगळवार होता, तारीख एकोणीस.
बसले. उठले.
एक हात टेकला, अशी नोंद.

भदौरियांच्या बृजेशने जिन्सी नाल्याजवळ जिम काढलंय.
"आंटी, टार्गेट बताओ, तीन महीने में रिझल्ट."
म्हटलं, चौऱ्याऐंशी.
"किलो?"
"उम्र."
त्याने पेन खाली ठेवलं.
मग मला एक खुर्ची दिली बसायला,
आणि मी उठताना, कुणालाही न सांगता,
माझे हात कुठे जातात ते बघत राहिला.
पोरगं हुशार आहे.

रविवारी उरवाईची चढण चढते, हळू,
कॉलेजची मुलं मागून येऊन पुढे निघून जातात,
त्यांची एक तारीख अजून ताजी आहे.
वळणावर खडकात कोरलेले तीर्थंकर.
धुक्यात त्यांचे चेहरे दिसत नाहीत,
दिसतात ते गुडघे,
माझ्या डोक्याच्याही वर, गुळगुळीत, शतकानुशतकं सरळ.
उभं राहणं हे त्यांचं काम.
माझं बसून उठणं,
ते त्यांनी एकदाही करून बघितलेलं नाही.

तिथे कट्ट्यावर थांबते. खिशात गजक असते.
तीळ दाढेत अडकतो, जीभ तिकडेच जात राहते.
अर्धा तुकडा उरला,
तो कागदात परत गुंडाळून ठेवला.
मग दोन्ही हात खिशातच ठेवून
उठले.